शंभर बैसा

४ जानेवारी २०१६, सोमवार

आज शाळेचा प्रभार माझ्याकडे आला. मोठे सर डिसेंबरअखेर निवृत्त झाले आणि संस्थेचे अध्यक्ष धनीरामजी यांनी सगळ्यांसमोर चाव्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. "खेमराज सर, आता शाळा तुमची," म्हणाले. उषा मॅडम माझ्यापेक्षा सीनियर आहेत, पण त्यांना प्रश्न विचारायची खोड आहे. धनीरामजींची राइस मिल आहे. धान आणि माणूस दोन्ही चिमटीत धरून पारखायची सवय त्यांना आहे.

केंद्राच्या बैठकीत सांगितलं की प्रत्येक शाळेने एक नवोपक्रम करायचा. चांगला असेल तो जिल्ह्याला जाईल. शेजारच्या गावच्या शाळेने मागल्या वर्षी मातीचा ज्वालामुखी केला, त्यातून धूर निघाला आणि तिथल्या मुख्याध्यापकाचा फोटो पेपरात आला. धूर मीही काढू शकतो. पण मला ज्ञान द्यायचं आहे.

९ जानेवारी, शनिवार

विषय सुचला. परदेशी चलन! आमच्या पोट्ट्यांचं जग आंधळगावच्या बाजारापाशी संपतं. त्यांच्या हातात दुसऱ्या देशाचं नाणं ठेवलं की भूगोल, इतिहास आणि गणित एकाच तासात आटोपतं. फळ्यावर 'जागतिक चलन सप्ताह' असं लिहून मागे जाऊन पाहिलं. छान दिसतं.

अडचण एवढीच की गावात परदेशी चलन नाही. सातवीतल्या खुशबूचा बाप अंकुश ओमान देशात, मस्कतला वेल्डर आहे. तिला म्हटलं, घरी काही असेल तर आण. तिने एक पिटुकलं नाणं आणलं.

"बाबानं मागच्या खेपेस देल्लं. याच्यानं मी बिल्लस खेळतो, सर."

परदेशी चलनाची गावात ही अवस्था! नाणं तिला परत केलं. एका नाण्याने प्रदर्शन भरत नाही. त्याला नोट पाहिजे.

१३ जानेवारी, बुधवार

देव आहे.

धनीरामजी आज एका पाहुण्याला घेऊन ऑफिसात आले. नाव अनुपबाबू. नागपूरचे, पांढरी गाडी, बोटांत अंगठ्या, बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण मोठे झाल्यासारखं वाटावं. त्यांच्या काकांची ओमानमध्ये कंपनी होती. ती बंद झाली तेव्हा हिशेबाचा सगळा पैसा तिकडच्याच नोटांत मिळाला. त्यांनी पाकिटातून एक हिरवी, करकरीत नोट काढून माझ्या टेबलावर ठेवली. तिच्यावर पागोटं बांधलेला राजा, मागे लांब शिंगांचं हरीण, आणि ठळक आकडा, शंभर.

"धनीरामजी बोलले, तुम्ही मुलांना बाहेरच्या नोटा शिकवून राहिले. ही शाळेला माझ्याकडून."

"अहो, पण हिची किंमत?"

"ज्ञानाची काय किंमत करता सर?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तरी मी कोणाच्या बोलण्यावर भरवसा ठेवणारा माणूस नाही. ते गेल्यावर मोबाइलवर स्वतः तपासलं. शंभर ओमानी रियाल म्हणजे किती रुपये? साडेसतरा हजाराच्या आसपास! पुन्हा टाकून पाहिलं, पुन्हा तेच.

नोट कपाटात ठेवून कुलूप लावलं. अर्ध्या वाटेवरून परत येऊन कुलूप ओढून पाहिलं.

१८ जानेवारी, सोमवार

सातवीत पहिला पाठ झाला. पोरांना आधी हात धुवायला लावले, मग रांगेने नोट दाखवली. हात लावायचा नाही, नुसतं पाहायचं. मग हात कशाला धुतले, असं उषा मॅडमनी जाता जाता विचारलंच.

खुशबूने हात वर केला. "सर, याच्यावर रियाल नाही लिहिलं. बैसा लिहिलं हाय."

प्रश्न चांगला होता, पण माझी तयारी त्याहून चांगली होती. मी फळ्यावर 'प' लिहिला आणि त्याच्यावर काट मारली. "अरबी भाषेत 'प' नाही. ते लोक 'प'च्या जागी 'ब' म्हणतात. मग बैसा म्हणजे काय?"

"पैसा!" सगळा वर्ग एका सुरात.

"आणि पैसा म्हणजे धन. शंभर बैसा म्हणजे शंभराचं धन. आलं लक्षात?"

सगळ्यांच्या लक्षात आलं. खुशबू मात्र बसली नाही. "पन सर, माहे बाबा म्हनते, शंभर बैशात तिकडे एक कप चाय भेटते."

वर्ग हसला. मी हसलो नाही. चुकीच्या माहितीतूनही शिकवता येतं, तोच खरा शिक्षक. मी म्हटलं, "साडेसतरा हजाराचा चहा! यावरून काय कळतं? त्या देशात महागाई किती आहे ते कळतं. म्हणूनच आपले लोक तिकडे एवढं कमावतात, आणि म्हणूनच त्यांच्या हातात काही उरत नाही." सगळ्यांकडून वहीत 'महागाई' लिहून घेतलं. खुशबूनेही लिहिलं, पण पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मी ते खोडायला लावलं.

२६ जानेवारी, मंगळवार

माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस.

झेंडावंदनानंतर प्रदर्शनाचं उद्घाटन अनुपबाबूंच्या हस्ते झालं. त्यांनी आणखी नोटा आणल्या होत्या. काचेखाली एका ओळीत लावल्या तेव्हा सभागृह बँकेसारखं दिसायला लागलं. निकालाच्या दिवशी ज्यांचं तोंड दिसत नाही असे पालक आज सकाळी आठपासून उभे. पोट्टे छडी लावून सांगत होते, "ही ओमानची शंभराची नोट. आपले साडेसतरा हजार रुपये." एकही अडखळला नाही. तीन वर्षं मी यांना सतराचा पाढा पाठ करवतो आहे, तो येत नाही. हे एका आठवड्यात आलं. उपक्रमशील शिक्षण म्हणतात ते हेच.

धनीरामजी भाषणात म्हणाले, "सरांनी गावाचे डोळे उघडले."

एकच गालबोट लागलं. खुशबूची आई मंगलाबाई गर्दी पांगल्यावर माझ्यापाशी आली. "जयभीम सर. खुशबूच्या बाबाले एकदा विचारून घेता का? मी फोन लावून देतो. ते म्हनते, ही लहानी नोट हाय."

"मंगलाबाई," मी शांतपणे म्हटलं, "तुमचे मिस्टर तिथे लोखंड जोडतात. चलन हा अर्थशास्त्राचा भाग आहे."

"बरं," म्हणाली आणि गेली. काही लोकांना दुसऱ्याच्या कार्यक्रमाचं कौतुक सोसत नाही.

३० जानेवारी, शनिवार

अनुपबाबूंच्या आई नागपूरला दवाखान्यात आहेत. त्यांना ताबडतोब रुपये पाहिजेत, आणि बँकेत एवढ्या नोटा बदलायच्या तर पासपोर्टपासून सगळं दाखवावं लागतं. नाइलाजाने ते नोट चार हजाराला द्यायला तयार झाले. एप्रिलमध्ये भाव वीस हजारावर जाईल आणि त्यांचाच माणूस घरोघरी येऊन बदलून नेईल, तोवर कोणी घाई करू नये, असं त्यांनी बजावून सांगितलं. अडचणीतही दुसऱ्याच्या नफ्याची काळजी!

धनीरामजींनी अख्खं बंडल घेतलं. दुपारी मला मिलवर बोलावलं. "सर, बचत गटाच्या बाया तयार हायेत. तुमी नुसते सोबत उभे राहा. तुमाले पाहून त्यायले भरवसा येते."

मग कौशल्याबाईंच्या ओसरीत बैठक झाली. कौशल्याबाई गटाच्या अध्यक्ष. मिरची कांडपाचं यंत्र घ्यायचं म्हणून बायांनी चार वर्षं पैसे साठवले आहेत. धनीरामजी म्हणाले, "एका यंत्राच्या जागी तीन घ्याल वो बाई." नोट त्यांनी पाच हजाराला दिली. मी कापडी पिशवी धरून उभा होतो. नोटमागे एक हजार धनीरामजींच्या धावपळीचे, ते त्यांनी वेगळ्या कप्प्यात ठेवायला सांगितले. आणि विशेष म्हणजे एवढी मौल्यवान वस्तू, पण स्वतःसाठी एकही नोट ठेवली नाही. केवढा त्याग!

माझी बायको तृप्ती गटात आहे. सही करायच्या आधी तिने माझ्याकडे पाहिलं. "नक्की ना?"

"तृप्ती, मी हे पोट्ट्यांना शिकवतो."

तिने सही केली. एकट्या मंगलाबाईने आपला वाटा काढून मागितला. कौशल्याबाई म्हणाल्या, "तुहा नवरा तिकडं चायच पेत रायते, तुले काय समजन?" ओसरी हसली. मीही थोडा हसलो.

गावातल्या आणखी काहींनी सुट्या नोटा घेतल्या. मी स्वतःसाठी दोन घेतल्या. आपल्याला चार हजारात मिळतील असं वाटलं होतं, पण धनीरामजी म्हणाले, "व्यवहारात दोस्ती नको." तत्त्वाचा माणूस.

७ फेब्रुवारी, रविवार

अनुपबाबूंचा फोन लागत नाही. मस्कतला गेले असतील. तिकडे बोलणंही महाग असणार.

१५ फेब्रुवारी, सोमवार

गावाची प्रगती डोळ्यांनी दिसते आहे. उन्हाळी धानाच्या रोवणीला बाया मिळत नाहीत. "आता कायले चिखलात जावाचं?" असं एकीने धनीरामजींच्या मुनिमालाच विचारलं. कौशल्याबाई नोटा तांदळाच्या कोठीत ठेवतात आणि रोज कोठी उघडून पाहतात. दोघा भावांचं घराच्या स्लॅबवरून भांडण झालं, स्लॅब अजून पडायची आहे. धनीरामजी मजुरीचा दर वाढला म्हणून वैतागले आहेत. मी म्हटलं, हे शिक्षणाचे परिणाम.

नवोपक्रमाचा अहवाल आज पाठवला. 'समाजावर झालेला प्रभाव' या रकान्यात जागा पुरली नाही.

२१ फेब्रुवारी, रविवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

अंकुश काल सुट्टीवर आला. आज संध्याकाळी मी त्याच्या घरावरून गाडीने येत होतो. अंगणात शाळेतले तीसेक पोट्टे जमलेले आणि अंकुश खाटेवर बसून एकेकाच्या हातात चॉकलेट आणि एकेक हिरवी नोट देत होता. तीच नोट. राजा, हरीण, शंभर. चौथीतल्या एकाने ती थुंकी लावून कपाळावर चिकटवली होती. एकाने नालीच्या कडेला बसून तिची नाव केली होती आणि ती पाण्यात सोडायच्या बेतात होता.

मी गाडी तशीच टाकली. नाव आधी वाचवली. मग ओरडलो, "अंकुशभाऊ, हे काय करून राहिले? पाच लाखाच्या वर वाटले तुम्ही!"

अंकुश उठून उभा राहिला. "या सर, बसा ना. कायचे पाच लाख?"

"साडेसतरा हजाराची एक!"

"सतरा रुपयाची सर. लहान्या पोट्ट्यायले मौज वाटते म्हून सुट्टे करून आनले."

"हजार राहिले तुमचे. सतरा हजार."

"हजार कुठून आनता? हजार बैसे म्हंजे एक रियाल. हे शंभर बैसे. म्हंजे एका रियालाचा दहावा हिस्सा." त्याने खिशातून दुसरी नोट काढून दाखवली. तिच्यावर 'रियाल' असं लिहिलं होतं. आणखी एक काढली, तिच्यावरही.

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही वेल्डिंगचं काम करता. अर्थशास्त्र निराळं असतं."

त्याने दोन्ही नोटा माझ्यापुढे धरल्या. "सर," तो म्हणाला, "नऊ वर्षं झाले. माहा पगार त्याच नोटात होते. मले ठाव नसन तं कोनाले ठाव असन?"

मंगलाबाई दारात उभी होती. तिने मला पाणी आणून दिलं. खुशबू नोटेची नाव उलगडून, हाताने सपाट करून, त्या पोराला परत देत होती.

माझा अजूनही विश्वास नाही. मोबाइल काय खोटं बोलेल?

२२ फेब्रुवारी, सोमवार

घरच्या कामासाठी म्हणून रजा टाकली आणि नागपूरला परदेशी चलन बदलून देणाऱ्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने माझ्या दोन्ही नोटा पाहिल्या आणि परत सरकवल्या. "काका, एवढी लहान नोट आम्ही घेत नाही. आठवण म्हणून ठेवा."

मोबाइल खोटं बोलला नव्हता. मी त्याला रियाल विचारले होते, त्याने रियाल सांगितले.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. तेवढंच बरं झालं.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

तृप्तीला सांगितलं. ती मोहरी निवडत होती. निवडतच राहिली.

"मंगलाबाईच्या पोरीनं वर्गात विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं."

"मंग तुमी काय सांगतलं तिले?"

"महागाई शिकवली."

तिने सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं आता बोलेल. पण ती दुसरंच बोलली. "धनीरामनं त्या मानसापासून चार हजाराले घेतली. आमाले पाचाले देली. आन् सोताजवळ एकबी नाही ठेवली. काहून?"

"त्याग," मी म्हटलं. शब्द तोंडातून निघाला आणि माझ्याच कानाला कसासाच लागला.

"त्या अनुपले गावात कोनं आनलं?"

उत्तराची वाट न पाहता ती पदर खोचून कौशल्याबाईंकडे गेली.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

धनीरामजींनी बोलावलं. मिलच्या ऑफिसात पंखा, थंड पाणी, काजू. काजू यापूर्वी कधी नव्हते.

"सर, चूक तुमचीच हाय. तुमी शिकवलं, लोकायनं आयकलं. पन संस्था तुमच्या मागं उभी हाय. तो अनुप मलेबी फसवून गेला. मी तं नुसत्या त्याच्या नोटा इकडच्या तिकडं पोचवल्या. हो का नाही?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसती हलवली, हे मला आता आठवत नाही.

"बाया पोलिसात जातीन म्हनते. तुमाले विचारलं तं काय सांगसान? हिशेबाकडं माहं लक्ष नव्हतं, एवढंच. पुढल्या महिन्यात तुमचा प्रभार कायम करायचा ठराव ठेवतो."

मुठीत काजू तसेच राहिले. घरी आल्यावर ते कोंबड्यांना टाकले.

१ मार्च, मंगळवार

बाया ठाण्यात गेल्या. मलाही बोलावलं. साहेब सभ्य होते, खुर्ची दिली. अनुपच्या नावाने तक्रार लिहून घेतली. तो माणूस, ते नाव, ती गाडी, यातलं खरं काय असेल ते पाहू म्हणाले. मग विचारलं, "धनीराम यांनी या व्यवहारात पैसे कमावले असं या बाई म्हणतात. तुम्ही हजर होता. पाहिलं का?"

बाया मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांत तृप्तीही होती.

"हिशेबाकडे माझं लक्ष नव्हतं," मी म्हटलं.

लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी सही केली. अक्षर चांगलं आलं.

परत येताना तृप्ती माझ्या गाडीवर बसली नाही. बायांसोबत ऑटोने आली. रात्री ताट वाढलं, त्यात लोणचंसुद्धा होतं. काहीच कमी नव्हतं. माझ्याकडून मात्र जेवलं गेलं नाही.

३ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते समजून घ्यायला मला वेळ लागेल.

तिसऱ्या तासाला धनीरामजींचा माणूस धावत आला. "सर, लवकर चला. बाया धरमकाट्यावर बसल्या."

मिलच्या फाटकात ट्रक तोलायचा मोठा काटा आहे. त्याच्या लोखंडी पाट्यावर कौशल्याबाई, तृप्ती आणि गटातल्या सगळ्या बाया मांडी घालून बसलेल्या. ट्रक काट्यावर आल्याशिवाय धान आत जात नाही आणि तांदूळ बाहेर जात नाही. ट्रकांची रांग पार रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. ड्रायव्हर खाली उतरून उभे, गावही उभं. मंगलाबाईचा एक रुपयाही बुडालेला नाही, तरी ती पाण्याची घागर घेऊन सर्वांत पुढे बसली होती. कौशल्याबाईंना तीच पाणी देत होती.

काट्याच्या खोलीत आकडे दिसतात. मुनीम त्या गोंधळातही बायांचं एकूण वजन वाचत होता.

धनीरामजी माझ्याकडे आले. अंगातला सदरा ओला झाला होता. "सर, तुमची बायको हाय त्यात. उठवा तिले. बाकीच्या आपोआप उठतीन."

मी काट्यापाशी गेलो. "तृप्ती," मी म्हटलं. तिने वर पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. ती मला ओळखत नसल्यासारखी पाहत होती.

तेव्हा धनीरामजी गावाकडे तोंड करून मोठ्याने बोलले. "हे मास्तर हजर होते! सांगा सर सगळ्यायले. मी या बायांकडून एक तरी रुपया कमावला का?"

काय झालं मला ठाऊक नाही. अठ्ठावीस वर्षं प्रश्न विचारणं आणि उत्तर देणं हाच माझा धंदा. कोणी मोठ्याने, चारचौघांत प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय शरीराला लागते. तशा सवयीनेच तोंड उघडलं असणार.

"कमावला," मी म्हटलं. "चारला घेतली, पाचला दिली. नोटमागे एक हजार. पिशवी मी धरली होती."

मुनिमाने काट्याच्या खोलीतून डोकं बाहेर काढलं.

"ठान्यात तं वेगळं सांगतलं तुमी!" धनीरामजी किंचाळले.

"ते चुकलं," मी म्हटलं. "दुरुस्त करून येतो."

मग पाय दुखायला लागले आणि ऊनही फार होतं, म्हणून मी काट्याच्या कडेला बसलो. लोकांनी का टाळ्या वाजवल्या मला कळलं नाही. मुनिमाने नवा आकडा वाचला. मी त्र्याहत्तर किलो आहे.

५ मार्च, शनिवार

काल ठाण्यात जाऊन जबाब बदलून आलो. साहेबांनी पहिला कागद का खोटा होता असं विचारलं. मी म्हटलं, भीती. त्यांनी तोच शब्द लिहिला.

धनीरामजींनी आज गटाचे सगळे पैसे परत केले. ट्रकवाले व्यापारी दुसऱ्या मिलकडे वळायला लागले होते, म्हणून. बाकी ज्यांनी सुट्या नोटा घेतल्या त्यांचं प्रकरण चालू आहे. माझे दहा हजार मागायचं मला सुचलं नाही. अनुपचा पत्ता नाही.

संध्याकाळी संस्थेचा शिपाई पत्र घेऊन आला. प्रभार उषा मॅडमकडे. मी चाव्या त्यांच्या घरी नेऊन दिल्या. त्यांनी चहाला थांबा म्हटलं. मी थांबलो नाही, पण बरं वाटलं.

तृप्ती आज बोलली. "भाजीत मीठ कमी झालं का?" एवढंच. मी म्हटलं, "नाही, बरोबर हाय." खरंतर कमी होतं.

९ मार्च, बुधवार

जिल्ह्यावरून फोन आला. नवोपक्रमाचा अहवाल आवडला, 'समाजावर झालेला प्रभाव' विशेष आवडला. सादरीकरणाला भंडाऱ्याला या म्हणाले. मी सांगितलं की प्रभाव उलटा झाला. ते म्हणाले, "त्यानं काय होते? फोटो पाठवा." मी फोटो पाठवले नाहीत.

१४ मार्च, सोमवार

आता मी फक्त पाचवी ते सातवीचा भूगोल शिकवतो. आज सातवीचा तास होता. पोट्टे उठून उभे राहिले, बसले. कोणी हसलं नाही. मी जपानचा पाठ काढला. बेटं, भूकंप, मासेमारी.

खुशबूने हात वर केला.

"सर, जपानच्या एका नाण्याले मधात भोक असते म्हनते. बाबाले सोबतच्या कामगारानं दाखवलं होतं. काहून असते?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. चांगलंही होतं. दोरीत ओवून कमरेला बांधता यावीत म्हणून, कोळी लोकांच्या सोयीसाठी. त्याला जोडून मासेमारीचा मुद्दाही आला असता. मी खडू उचलला, फळ्याकडे वळलो आणि खडू परत ठेवला.

"मले माहीत नाही," मी म्हटलं.

मग पहिल्या बाकावरची एक पोरगी हळूच उठली, उषा मॅडमच्या ऑफिसकडे धावली आणि दारातूनच ओरडली, "मॅडम, लवकर या! सरांले बरं नाही वाटून राहिलं!"